चॉकलेटच्या पेल्यातला अंदलुस

मेक्सिकन मसालेदार चॉकलेट घरी करणं अवघड नाही. दोन कप दूध घ्यायचं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात पुष्कळ घरांत नुसतं पाणीच घेतात. त्यात दालचिनीचा बोटभर तुकडा मंद आचेवर उकळू द्यायचा, मग 50-60 ग्रॅम कडू चॉकलेट आणि चवीपुरता गूळ विरघळवायचा. त्यांचा पिलोन्सियो म्हणजे आपल्या गुळाचा भाऊच. शेवटी चिमूटभर लाल तिखट आणि फेस येईपर्यंत रवीनं घुसळणं. त्यांच्या लाकडी रवीला मोलिनियो म्हणतात. तीही दोन तळव्यांत धरूनच फिरवतात.

या पेल्यात मूळचं मेक्सिकोचं काय? काकाओ आणि मिरची. अ‍ॅझ्टेक लोक काकाओच्या बिया पाट्यावर वाटून त्यात मिरची, व्हॅनिला घालत आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणत. साखर नव्हती. बिया नाणं म्हणूनही चालत. 1545 सालच्या त्लास्कालाच्या दरपत्रकात चांगल्या टर्की कोंबडीची किंमत 100 बिया दिली आहे.

साखर, दालचिनी, गाईचं दूध हे सगळं स्पॅनिश लोकांच्या मागोमाग आलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, स्पॅनिश आसूकार. स्पॅनिशमधला सुरुवातीचा 'आ' हा अरबीतल्या 'अल'चा उरलेला तुकडा. ऊस हिंदुस्थानातून इराणमार्गे अरबांकडे गेला, अरबांनी तो अंदलुसमध्ये लावला आणि कोलंबसनं 1493 च्या दुसऱ्या सफरीत पलीकडे नेला.

त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी 1492 मध्ये, ग्रानाडा पडलं होतं. मागे राहिलेल्या मुसलमानांना पुढे बाप्तिस्मा घ्यायला लावला. त्यांना मोरिस्को म्हणत. नव्या मुलुखात जायला मोरिस्को आणि धर्मांतरित ज्यू या दोघांनाही बंदी होती. शेवटी 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलून दिलं. आसूकार हा शब्द मात्र कुणी हाकलला नाही. पाणी भरायच्या भांड्याला स्पॅनिशमध्ये आजही 'खार्रा' म्हणतात, तो अरबी 'जर्रा'च. माणसं परकी ठरवणं सोपं असतं, स्वयंपाकघर तपासायला कोण बसतो?

आता रोजाची गोष्ट. आपल्याकडे घोटभर पाण्यानंही रोजा तुटतो, वाद संपला. कॅथलिक उपवासात पेय चालतं, जेवण चालत नाही. मग चॉकलेट पेय की जेवण? यावर पाद्र्यांमध्ये दीर्घ काळ वाद झाला. 1636 मध्ये माद्रिदला आंतोनियो दे लेओन पिनेलोचं याच प्रश्नावर आख्खं पुस्तक निघालं, तर 1664 मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यानं ते पेयच आहे, उपवास मोडत नाही, अशी बाजू मांडली. गंमत म्हणजे पिनेलो स्वतः धर्मांतरित ज्यूंच्या घराण्यातला. बंदी असूनही ते कुटुंब दक्षिण अमेरिकेत पोहोचलं, आणि पुढे स्पेनच्या अमेरिकन मुलुखाचे कायदे संकलित करण्याचं मोठं काम याच माणसानं केलं! त्याच्याबद्दल सवडीनं वेगळं लिहायला हवं.

दालचिनी श्रीलंकेची. मेक्सिको आजही ती तिथूनच मोठ्या प्रमाणावर घेतो. मिरची मात्र उलट्या वाटेनं निघाली आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपण तिला काळ्या मिऱ्याचं नाव देऊन घरात घेतलं आणि ती पाहुणी होती हे विसरूनही गेलो. कोकणातल्या मुसलमानी कालवणातून किंवा कोल्हापुरी रश्शातून ती काढून बघा.

मेक्सिकोतल्या रोजच्या चॉकलेटमध्ये आता दालचिनी हमखास असते, तिखट क्वचितच. तुम्ही घालणार असाल तर बेडगीचं घाला. रंग येतो, घसा धरत नाही.