मन्नारच्या आखातातील पोवळ्यांची लागवड

काशीची यात्रा रामेश्वराला गेल्याशिवाय पुरी होत नाही, असे आपल्याकडची जुनी माणसे मानीत आली. सेतूची वाळू काशीला न्यायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराला घालायचे, ही रीत. पण श्रोतेहो, त्या किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या तळाशी काय आहे, याची चौकशी यात्रेकरूंनी फारशी केली नाही. रामेश्वरापासून खाली तुतिकोरीनपर्यंत मन्नारच्या आखातात 21 लहान बेटांची माळ आहे आणि बेटांभोवती पोवळ्यांच्या भिंती आहेत. या भिंती माणसाने कशा मोडल्या आणि पुन्हा उभ्या करण्याची खटपट कशी चालली आहे, ती हकिकत आज सांगायची आहे.

पोवळे म्हटले की तुम्हाला अंगठीतला लाल खडा आठवेल. तो निराळा. ही भिंत बांधणारा प्राणी अगदी लहान, मऊ अंगाचा असतो. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो आपल्याभोवती घर करतो. तो मेला तरी घर राहते आणि त्यावर पुढची पिढी घर बांधते. फांद्यांसारखी वाढणारी जात त्यातल्या त्यात लवकर वाढते. गोल धोंड्यासारखी जात मात्र वर्षाला सेंटिमीटरभर वाढली तरी पुष्कळ. म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढा धोंडा व्हायला माणसाचा जन्म पुरत नाही.

आणि तो फोडायला एक पहार पुरते! तुतिकोरीनच्या बाजूला अनेक दशके हेच चालले. पोवळे म्हणजे जवळजवळ शुद्ध चुनखडी. चुनाभट्टीला ती हवी, सिमेंटच्या आणि कार्बाइडच्या कारखान्यांना हवी, घराच्या भिंतीलाही दगड म्हणून चाले. कोळी बुडी मारून ढेकळे फोडी, होडीत भरी आणि विके. आता तुम्ही म्हणाल, ज्या भिंतीच्या आश्रयाला मासे राहतात तीच कोळ्याने फोडावी? पण मासळी नसलेल्या दिवसांत चूल पेटवायची असते. फोडणाऱ्याच्या पदरी मजुरी पडली, नफा वर गेला. त्याला एकट्याला दोष देणे मला पटत नाही.

परिणाम मात्र कुणाला चुकला नाही. लाट अडवणारी भिंतच गेली, तेव्हा वाळूची बेटे झिजू लागली. 21 पैकी पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली. नकाशावरचे गाव पुसले जावे, तसे झाले.

सरकारने 1986 साली ही बेटे सागरी राष्ट्रीय उद्यान केली, 1989 साली सभोवतालचे मोठे क्षेत्र जीवावरण राखीव म्हणून जाहीर केले, आणि 2001 साली पोवळ्यांना वाघाच्या पंक्तीला बसवून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. तरीही चोरून फोड चालूच होती. मग 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी आली. तामिळनाडूचा पुष्कळ किनारा उद्ध्वस्त झाला, पण मन्नारच्या आतल्या गावांना त्या मानाने कमी लागले. श्रीलंकेचा आडोसा हे त्याचे एक कारण. पण बेटांनी आणि पोवळ्यांच्या भिंतींनी आपल्याला वाचवले, असे कोळ्यांच्या मनाने घेतले. पुढच्या वर्षापासून फोड थांबली. कायद्याला जे जमले नाही ते असे घडले.

लागवडीला त्याआधीच, 2002 साली सुरुवात झाली होती. तुतिकोरीनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने हे काम हाती घेतले. पद्धत ऊस लावण्यासारखी. जोमदार वसाहतीची लहान कांडी घ्यायची, सिमेंटच्या चकतीला बांधायची आणि तळाशी ठेवलेल्या सिमेंटच्या चौकटीवर बसवायची. पाणबुड्याने मधूनमधून जाऊन शेवाळ काढायचे. ती खुरपणीच म्हणा. कांडे जीव धरते आणि फांद्या फुटतात.

पैसा कुठून आला? त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या मदतीने मोठी योजना सुरू झाली. किनाऱ्यावरच्या गावांत समित्या बसल्या, बायकांचे बचतगट निघाले, त्यांना फिरत्या भांडवलातून कर्ज मिळू लागले. मला हा भाग चौकटींइतकाच महत्त्वाचा वाटतो. पोटाची दुसरी सोय न करता फोड बंद करा म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे.

बेटांभोवती समुद्रशेवाळ वेचणाऱ्या बायकांचेच पाहा. राष्ट्रीय उद्यानामुळे त्यांची आणि वनखात्याची कायमची कुरबुर. शेवटी त्यांनी आपणच नियम केले: महिन्यातून 12 दिवसच वेचायचे, पोवळ्याला खरवडणारे लोखंडी हत्यार वापरायचे नाही. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना 2015 साली सीकॉलॉजी या संस्थेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

एवढे झाल्यावर गोष्ट सुखान्त व्हावी, पण तसे नाही. पाणी फार तापले की पोवळ्याच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ निघून जाते, पोवळे पांढरे पडते आणि उपाशी मरते. 2010 साली तसे झाले. 2016 साली तर कहर झाला. आखातातले जिवंत पोवळ्यांचे आच्छादन सुमारे 39 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर आले. हे ऊन गावच्या समितीने तापवलेले नव्हते. मग लागवड फुकट गेली का? माझे मत, नाही. तगलेल्या वसाहती कोणत्या, हे आता डोळ्यांनी दिसते, आणि पुढची कांडी त्यांचीच घेता येते.

आपल्या मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पोवळी आहेत. तिथे 1987 साली सागरी अभयारण्य झाले आणि पुढे त्याच आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने सिंधुदुर्गात लागवडीचे प्रयोगही झाले. मुलांची सहल तिकडे नेणाऱ्या गुरुजींनी होडीवाल्याला एवढे विचारावे: बाबा, नांगर कुठं टाकतोस? वाळूत, की पोवळ्यावर?