एका टर्नमध्ये किती पावसाळे?

स्क्रीनवर 1700 साल उघडतं. खाली दख्खन, पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला मोगलांचा अफाट मुलूख. खेळाडूने मराठ्यांची बाजू घेतलेली असते. महसूल किती येणार, फौज कुठे हलवायची, कुठे काय बांधायचं, कोणाशी तह करायचा हे ठरवून तो कोपऱ्यातलं बटण दाबतो आणि सहा महिने उलटतात. ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने 2009 मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा खेळ तयार केला. त्यात मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. वर्षाला दोन टर्न, 1700 ते 1799, म्हणजे सुमारे 200 टर्न. एका टर्नला 10 मिनिटं धरली तरी पूर्ण मोहिमेला 33 तास लागतात. मधल्या लढाया स्वतः लढायच्या ठरवल्या तर हा वेळ सहज दुप्पट होतो.

खेळ जिथून सुरू होतो ते वर्ष मराठ्यांच्या इतिहासात फार कठीण होतं. मार्च 1700 मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं. एप्रिलमध्ये साताऱ्याचा अजिंक्यतारा मोगलांच्या हाती गेला. राज्याची सूत्रं महाराणी ताराबाईंनी हाती घेतली. बादशहा औरंगजेबाला तेव्हा दख्खनमध्ये येऊन 18 वर्षं झाली होती आणि त्याला आणखी सात वर्षं इथेच काढायची होती. 1707 मध्ये तो गेला तो नगरजवळ, भिंगारला.

भिंगार नगर तालुक्यातलं. भातोडी हे गावही याच तालुक्यात. 1624 मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने तिथल्या तळ्याच्या पाण्याचा उपयोग करून लढाई जिंकली होती. आणि पाण्याच्या हिशेबासाठी देशभर नाव झालेलं हिवरे बाजारही याच तालुक्यातलं. एका तालुक्यात, जेमतेम चारशे वर्षांत, व्यूहरचनेचे हे तीन डाव मांडले गेले. एक लढाईपुरता, एक पंचवीस वर्षांचा आणि एक अजून चालू असलेला. डावपेचांच्या खेळांना माणसं एवढा वेळ का देतात आणि त्या वेळात नेमकं काय करतात, हे समजून घ्यायला नगर तालुक्याइतकी चांगली जागा मिळणं अवघड आहे.

खेळात रमून वेळ देणं काही संगणकाने शिकवलेलं नाही. अकबराच्या दरबारातल्या चौपटाबद्दल अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलं आहे. एका वेळी दोनशेच्या वर माणसं खेळत. ज्याचे सोळा डाव पुरे झाले नाहीत त्याला घरी जायची परवानगी नसे, आणि कधी कधी हे तीन-तीन महिने चाले. महाराष्ट्रात सारीपाट, सोंगट्या, गंजिफा आणि बुद्धिबळ यांनी वाड्यांच्या सोप्यांवर दुपारच्या दुपारी खाल्ल्या. इथल्या जुन्या पद्धतीच्या बुद्धिबळात नुसती मात देण्यापेक्षा साध्या प्याद्याने मात देण्याला जास्त मान होता. ही प्यादेमात साधायची तर जिंकत आलेला डावही लांबवावा लागे, मोठी मोहरी बाजूला ठेवून प्यादं जपत, घराघराने पुढे सरकवावं लागे. वेळ जास्त लागला तरी चालेल, पण विजय देखणा हवा, असा तो हिशेब होता.

युरोपात वेळेचा हा प्रश्न वेगळ्या अंगाने पुढे आला. 1843 मध्ये पॅरिसला हॉवर्ड स्टाँटन आणि सेंट अमां यांच्यात झालेल्या बुद्धिबळाच्या सामन्यातला एक डाव 14 तासांच्या वर चालला, कारण विचार करायला मर्यादाच नव्हती. पुढे 1883 च्या लंडन स्पर्धेत दुहेरी घड्याळं आली आणि वेळ हीसुद्धा एक सोंगटी झाली. ती जपून वापरावी लागू लागली.

भातोडीच्या लढाईनंतर बरोबर 200 वर्षांनी, 1824 मध्ये, प्रशियाच्या लष्करात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ मांडला. त्यातल्या एका टर्नमध्ये रणांगणावरची दोन मिनिटं बसवलेली होती. त्या दोन मिनिटांत तुकडी किती पावलं चालेल, गोळाफेकीत किती माणसं पडतील, हे पंच फासे टाकून आणि तक्ते पाहून ठरवत. साहजिकच कागदावरची लढाई खऱ्या लढाईपेक्षा सावकाश चाले. अधिकाऱ्यांना निर्णय घ्यायला शिकवणारा हा खेळ स्वतः मात्र संथ होता.

संगणकाने हे उलटं केलं. सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये (1991) आरंभीच्या एका टर्नमध्ये दशकं सरतात. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस 4’ (2013) याच्या विरुद्ध वाटेने जातो. त्यात टर्न नाही, एकेक दिवस सरकत राहतो. नोव्हेंबर 1444 ला घड्याळ सुरू होतं आणि जानेवारी 1821 ला थांबतं, म्हणजे सुमारे 1 लाख 37 हजार दिवस. सुरुवातीला दख्खनवर बहामनी सत्ता असते. खेळणाऱ्याच्या हुशारीनुसार तिचं पुढे काय होईल ते होतं. या खेळाचे पहिले हजार तास म्हणजे नुसती तोंडओळख, असं त्याचे जुने खेळाडू सांगतात. स्टीम या दुकानातून खेळ घेतला की प्रत्येकाच्या खात्यावर त्याचे तास आपोआप मोजले जातात. हजाराचा आकडा ओलांडलेले खेळाडू तिथे सहज दिसतात.

एवढे तास कसे जातात, हे एका रात्रीकडे जवळून पाहिलं की कळतं. वेळ साडेबारा. दोन टर्नांत एका शहराचा तट पुरा होणार आहे. तीन टर्नांत घोडदळ तयार होणार आहे. चौथ्या टर्नला शेजाऱ्याशी केलेला तह संपतोय. प्रत्येक टर्नला काहीतरी पिकतं आणि त्याच टर्नला काहीतरी नवं पेरलं जातं, त्यामुळे सगळं संपलं, आता उठू, असा क्षण येतच नाही. ‘बस, आणखी एक टर्न’ म्हणत पहाटेचे चार वाजतात. हे खेळणाऱ्याच्या हातून सुटू शकतं हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2019 मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत स्थान दिलं आणि जानेवारी 2022 पासून ती यादी लागू झाली. मात्र निदानासाठी नुसते तास पाहत नाहीत. खेळावरचा ताबा सुटलाय का, बाकीचं आयुष्य मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, हे पाहतात. रोज दोन तास खेळून नेमाने उठणारा आणि पुस्तकं काढून खेळातला इतिहास ताडून पाहणारा खेळाडू या व्याख्येत येत नाही. असे खेळाडू पुष्कळ आहेत.

अशा खेळाडूने नगर तालुक्याचा नकाशा पुढे ओढला तर त्याला पहिल्यांदा दिसेल भातोडी. 1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर निजामशाही संपल्यात जमा होती. मलिक अंबरने ती पुढची 26 वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, उभी ठेवली. समोरासमोर मोठी लढाई टाळायची, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, ही त्याची रीत. 1624 मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन आल्या. अंबर भातोडीच्या तळ्याजवळ होता. त्याने तळ्याचा बांध फोडला. पाणी खालच्या जमिनीत पसरलं, चिखल झाला, जड तोफा आणि सामान रुतून बसलं. त्यावर रात्रीचे हल्ले. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. निजामशाहीकडून लढणारे शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी भोसले याच लढाईत पडले. भातोडीला त्यांची समाधी आहे.

बांध फोडणं ही क्षणाची गोष्ट. पण ते तळं कुठे आहे, उतार कोणत्या दिशेचा, पाणी सोडलं तर ते कुठे थांबेल, ही माहिती वर्षानुवर्षं याच भूमीवर फिरल्याने आलेली होती. खेळाडू शंभराव्या तासाला जे नकाशाकडे नुसतं बघून ओळखतो, ते याच जातीचं ज्ञान आहे.

औरंगजेबाचा डाव याच्या अगदी विरुद्ध होता. तो 1682 मध्ये दख्खनमध्ये आला. आदिलशाही 1686 मध्ये, कुतुबशाही 1687 मध्ये संपली. नकाशावर पाहिलं तर तो जिंकत होता. पण जिंजीच्या एका वेढ्याने 1690 ते 1698 अशी जवळजवळ आठ वर्षं खाल्ली, आणि गड हाती आला तेव्हा राजाराम महाराज निसटून गेलेले होते. ‘एम्पायर’च्या गतीने आठ वर्षं म्हणजे 16 टर्न, अडीच-पावणेतीन तासांचं काम. छावणीतल्या माणसाला मात्र ते आठ उन्हाळे, आठ पावसाळे, दाणागोटा आणि रोगराई असं सगळं सोसावं लागलं. खेळात पैसा आणि माणसं कमी पडली की आकडा लाल होतो. इथे तो पंचवीस वर्षं लाल होत राहिला आणि शेवटी बादशहाचं शव भिंगारहून खुलताबादला नेण्यात आलं.

तिसऱ्या डावाला फौज नाही. हिवरे बाजार पर्जन्यछायेतलं गाव, सरासरी पाऊस 400 मिलीमीटरच्या आतबाहेर. एकेकाळी कुस्तीसाठी नाव असलेलं. 1972 च्या दुष्काळाने गावाची घडी विस्कटली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसं कामासाठी मुंबई-पुण्याकडे गेली, मागे दारू आणि भांडणं राहिली.

इथे ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ (1999) आठवतो. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये पोरं तासाच्या दराने पैसे भरून हा खेळ खेळत. सुरुवातीला हातात तीन गावकरी, 200 अन्न, 200 लाकूड, 100 सोनं, 200 दगड. गावकऱ्याला झाडाकडे पाठवायचं, तो तोडतो, लाकूड जमा होतं. पण तोडलेलं झाड त्या खेळात पुन्हा कधीच उगवत नाही. सामना लांबला की नकाशाच्या कडेपर्यंत रान साफ होतं. 1972 नंतरचं हिवरे बाजार या अवस्थेला पोचलेलं होतं.

1989 मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. उच्च शिक्षण घेतलेला, क्रिकेट खेळणारा हा तरुण गावात परतला होता. रोजगार हमी योजनेतून डोंगरउतारांवर चर खोदले गेले, बांध-बंधारे झाले, झाडं लागली. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. ग्रामसभेने नियम ठरवले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, कारण खोलवरचं पाणी एकाने उपसलं की सगळ्यांच्या विहिरी खाली जातात. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. डोंगरावर जनावरं सोडायची नाहीत, पण गवत विळ्याने कापून आणता येईल. गवत कापलं तर पुन्हा येतं, गुरं चरली तर कोंबासकट जातं. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या रानात जे कधी घडत नाही ते इथल्या डोंगरावर घडलं. तोडलेलं रान परत आलं.

मग आला पाण्याचा हिशेब. तो कागदावर मांडला तर कोणालाही कळेल असा आहे. एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र साधारण 976 हेक्टर. म्हणजे पर्जन्यमापकात एक मिलीमीटर दिसला तर गावावर जवळजवळ 98 लाख लिटर पडलं. 400 मिलीमीटर झाला तर 390 कोटी. त्यातलं बरंच वाहून जातं, काही उन्हाने उडतं, काही मुरतं. किती मुरलं हे निरीक्षण विहिरींच्या पातळीवरून कळतं. पावसाळा सरला की हे आकडे ग्रामसभेसमोर येतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. मग घरवापराचं. उरलेल्यात कोणती पिकं, किती क्षेत्रावर, ते ठरतं. पाऊस कमी झाला असेल तर उन्हाळी पीक नाही, हे सगळ्यांना मान्य करावं लागतं. 1995 मध्ये गावात दारिद्र्यरेषेखालची 168 कुटुंबं होती, पुढे ती तीनवर आली. 2020 मध्ये पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

डावपेचांच्या खेळाचे सगळे घटक इथे आहेत. मोजकी साधनं, नियम, टर्न, आणि प्रत्येक टर्नच्या शेवटी उघड होणारा आकडा. फरक आहे तो टर्नच्या लांबीचा. हिवरे बाजारची टर्न म्हणजे एक पावसाळा, आणि तिला पुढे पळवायचं बटण नाही. 1990 पासून 2025 पर्यंत मोजलं तर या गावाने 36 टर्न खेळल्या. ‘एम्पायर’मध्ये एवढ्या टर्न सहा तासांत होतात. एखादी टर्न बिघडली तर खेळाडू आधी सेव्ह केलेल्या जागी परत जातो, दुसरा मार्ग धरून पाहतो. गावात चुकीचं पीक घेतलं तर ती चूक पुढच्या जूनपर्यंत सोबत राहते. म्हणूनच निर्णय एकट्याने होत नाही. तो ग्रामसभेत होतो, वाद घालून होतो, आणि ज्याचं शेत कोरडं राहणार आहे तोही तिथे बसलेला असतो.

पावसाळा संपला की त्या वर्षीचा पाऊस आणि उपलब्ध पाणी यांचे आकडे गावातल्या फलकावर लिहिले जातात. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसतात. मागच्या वर्षीचा आकडा पुसलेला असतो, नवा लिहिलेला असतो. रब्बीला ज्वारी किती आणि कांदा किती, ते त्यावरूनच ठरतं.