दोन स्वल्पविरामांची ओळ

सकाळी लॉगिन होताच एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि ‘या टेबलाचा प्रिंटर हा’ असं ठरवून मोकळी होते. तिचं कूळ शोधत गेलं की आपण एका ओळीपाशी पोचतो.

डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅम आपापला प्रिंटर सांभाळायचा. पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅमला प्रिंटरची ओळख करून दिली, तरी हिशेबाच्या प्रोग्रॅमला ती पुन्हा करून द्यावी लागे. १९८५मध्ये आलेल्या विंडोजने हे काम स्वतःकडे घेतलं. ड्रायव्हर एकदा बसवला की तो सगळ्यांचा. मग प्रिंटर दोन असले आणि नाव न घेता कुणी नुसतं ‘छाप’ म्हटलं, तर कागद कुठून निघायचा?

या न सांगितलेल्या उत्तराचं नाव डिफॉल्ट. हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, उणीव आणि कसूर हे अर्थ घेऊन. कोर्टात गैरहजर राहिलेल्या पक्षकाराविरुद्ध लागणारा निकाल ‘डिफॉल्ट’चा, बँकेचा हप्ता चुकवणारा ‘डिफॉल्टर’. संगणकातही गैरहजेरीच आहे, फक्त ती आपल्या सूचनेची.

विंडोजने हे उत्तर ‘विन.आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवलं. ‘डिव्हाइस’ शब्दापुढे बरोबरचं चिन्ह, मग प्रिंटरचं नाव, स्वल्पविराम, ड्रायव्हर, स्वल्पविराम, पोर्ट. ओळ बदलली की डिफॉल्ट बदलला. पण चालू प्रोग्रॅमना ते आपोआप कळत नसे. त्यामुळे ओळ लिहिणाऱ्याने सगळ्या खिडक्यांना संदेश पाठवून दवंडीही पिटायची, असा रिवाज पडला.

विंडोज एनटीमध्ये ही ओळ रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत गेली, तीही प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र खात्यात. स्क्रिप्टचा नेहमीचा घोटाळा इथेच होतो. अ‍ॅडमिनच्या नावाने चालवलेली स्क्रिप्ट अ‍ॅडमिनचा डिफॉल्ट बदलते, खुर्चीत बसलेल्याचा तसाच राहतो. म्हणून ती लॉगिनच्या वेळी, त्याच माणसाच्या नावाने चालवायची. विंडोज २०००पासून ओळ लिहिणं आणि दवंडी, दोन्ही ‘सेटडिफॉल्टप्रिंटर’ या एका आज्ञेत आलं. स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोज स्क्रिप्ट होस्टमध्येही त्याच नावाची सोय आहे, त्यामुळे दोन ओळींची स्क्रिप्ट पुरते.

नोव्हेंबर २०१५च्या विंडोज १०च्या अद्ययावत आवृत्तीत नवीच गंमत झाली. ‘डिफॉल्ट मीच सांभाळतो’ असं विंडोज म्हणू लागलं आणि शेवटचा वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होऊ लागला. सकाळी स्क्रिप्टने ठरवलेलं दुपारी एका छपाईने पुसलं जाई. आता स्क्रिप्टला आधी ही सोय बंद करावी लागते. त्यासाठीच्या रजिस्ट्री-नोंदीच्या नावात ‘लेगसी’ शब्द आहे. माणसाने स्वतः ठरवणं ही आता जुनी रीत ठरली!

ओळ मात्र रजिस्ट्रीत अजून आहे. नाव आणि पोर्ट आपापल्या जागी आहेत, मधल्या ड्रायव्हरच्या घरात आता सगळ्यांसाठी एकच शब्द दिसतो, ‘विनस्पूल’. स्वल्पविराम दोनच.