पाचारण कुणाला? जालन्याचे नारायण शेषाद्री आणि त्यांचा धाकटा भाऊ

आजचा विषय ख्रिस्ती जीवनातला असला तरी मी त्याच्याकडे इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या बाजूने बघणार आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात एक शब्द नेहमी येतो, 'पाचारण'. आपण एरवी बोलावणं म्हणतो, हाक म्हणतो. पाचारण म्हणजे देवाने माणसाला एखाद्या कामासाठी बोलावणं. आता हाक आली तर ओ द्यावी, इतकं ते सोपं आहे का? बायबलातली बाल शमुवेलाची गोष्ट बघा. रात्री मुलाला हाक ऐकू येते. त्याला वाटतं, म्हातारा एली याजक बोलावतोय. तो धावत जातो. असं तीनदा होतं. मग एलीच्या लक्षात येतं की हाक देवाची आहे. म्हणजे हाक मुलाला आली, पण ती कुणाची हे सांगायला दुसरा माणूस लागला. नम्र श्रद्धेचं मर्म मला इथे दिसतं. ज्याला बोलावणं येतं, त्याला स्वतःलाच त्याची खात्री नसते.

आता आपण १८४३ सालच्या मुंबईत जाऊ. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होता. रॉबर्ट नेस्बिट हे त्याचे गुरू. त्या वर्षी सप्टेंबरात नारायणाने बाप्तिस्मा घेतला. आज आपल्याला हे एका वाक्यात सांगता येतं, पण तेव्हा त्याचा अर्थ घर, जात, पंगत, आईच्या हातचं जेवण, सगळं एका दिवसात बंद, असा होता. शहरात केवढा गहजब झाला असेल, कल्पना करा.

पण खरा पेच नारायणाचा नव्हता. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला, आणि तो होता अज्ञान. कायद्याच्या भाषेत बरं का, म्हणजे अल्पवयीन! वडिलांनी कोर्टात धाव घेतली. याच्या चारच वर्षं आधी, १८३९ साली, धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाचं असंच प्रकरण झालं होतं. तेव्हा सुप्रीम कोर्टाने तो विचार करण्याच्या वयाचा आहे असं मानून त्याला आपल्या मनाप्रमाणे वागू दिलं. श्रीपतीच्या बाबतीत मात्र मुलगा पालकांच्या स्वाधीन करावा असा निकाल झाला.

इथे जरा थांबू या. दोन सख्खे भाऊ, एकच गुरू, एकच घर. थोरल्याने दिलेली ओ मोजली गेली, धाकट्याची मोजली गेली नाही. कोर्ट चुकलं असं मी म्हणत नाही. कोवळ्या मुलाला आईबापांपासून तोडायचं नाही, हा न्याय आजही आपल्याला पटेल. पण शमुवेलही मुलगाच होता! मिशनऱ्यांचा धर्मग्रंथ सांगतो की देव लेकरालाही बोलावतो, आणि कायदा सांगतो की लेकराला ऐकू आलेलं पुरावा म्हणून धरायचं नाही. दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं, आणि अशा ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची पंचाईत होते.

पुढचा भाग आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासातला आहे. श्रीपती घरी आला, पण जातीत येईना. मिशनऱ्यांकडे राहिला, तिथलं अन्न खाल्लं, म्हणून तो बाटलेला! त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं यासाठी कोण उभं राहिलं? बाळशास्त्री जांभेकर. १८३२ साली 'दर्पण' काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे. मिशनऱ्यांच्या धर्मांतराला त्यांचा विरोध होता, पण दार लावून घेणाऱ्या कर्मठांशीही त्यांनी वैर पत्करलं. लोकांनी त्यांना वाळीत टाकण्याची भाषा केली. १८४६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. मला विचाराल तर या प्रकरणात हाकेला नम्रपणे ओ देणारे दोघे होते. एक नारायण, आणि दुसरे बाळशास्त्री. आपल्याला धर्मांतराचा इतिहास दोन छावण्यांत वाटून वाचायची सवय झाली आहे, त्यामुळे हे दुसरं नाव यात कुणी घेत नाही.

नारायण शेषाद्रींना १८५४ साली पाळकाची दीक्षा मिळाली. ते मुंबईतच राहिले असते तर शाळा, सभा, इंग्रजी जाणणारे श्रोते असं मानाचं आयुष्य मिळालं असतं. पुढे ते आपल्याकडे, निजामाच्या मुलखात आले. जालना म्हणजे आपल्यापासून साठेक किलोमीटर. तिथे त्यांच्याभोवती जमले ते बहुतेक मांग समाजाचे लोक. ज्या माणसाच्या घराण्याने या लोकांची सावलीसुद्धा टाळली असेल, तो त्यांच्यात राहू लागला. मला १८४३ च्या बाप्तिस्म्यापेक्षा हे अवघड वाटतं. बाप्तिस्म्यात धैर्य लागतं, पण त्यात थोडा अहंकारही खपून जातो. सगळं गाव आपल्याकडे बघत असतं ना! रोज उठून कुणाच्या तरी आजाराची, जमिनीची, भांडणाची दाद घेण्यात अहंकाराला फारसं काही मिळत नाही.

कारण धर्म बदलला तरी पोटाचा प्रश्न राहतोच. गावगाड्यातली कामं सुटली की बलुतंही सुटतं. म्हणून जालन्याजवळ नवं गाव वसवायचं ठरलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली. म्हणजे बघा, मुसलमान राज्यात, मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण घरात जन्मलेल्या पाळकाने मांगांचं ख्रिस्ती गाव उभं केलं. १८७३ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेला शेषाद्री डोक्याला पागोटं बांधून गेले होते. पण त्यांच्या आयुष्याचं काम कुठलं म्हणाल तर ते हे गाव.

गावाचं नाव त्यांनी बेथेल ठेवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब एसावापासून, म्हणजे आपल्या सख्ख्या भावापासून दुरावून निघालेला असतो, रात्री दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपतो, आणि तिथे त्याला देवाचा शब्द ऐकू येतो. त्या जागेला तो बेथेल म्हणतो. मिशनच्या वस्त्यांना अशी नावं सर्रास देत, त्यामुळे यात फार अर्थ शोधू नये असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरही असेल. तरी ही गोष्ट वाचताना मला दर वेळी श्रीपती आठवतो.