अपलोड २०, मागणी १०२

धर्मापुरी, ता. परळी, जि. बीड. केदारेश्वराच्या देवळाजवळच्या गल्लीतलं घर, आजीचं वर्षश्राद्ध. रात्री आठला आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची ४० मिनिटांची फिल्म सहा ठिकाणी एकाच वेळी दिसायची होती : पुणे, मुंबई, नाशिक, लातूर, दुबई आणि ऊसतोडीला गेलेल्या चुलतभावाची कारखान्याजवळची कोपी. बीडकडची घरं अशीच पांगलेली. त्यांना एका रात्रीपुरतं तरी एकत्र बसवणं मोलाचं होतं.

दुपारी ४.०० : नातवाने फिल्म घरातल्याच जुन्या कॉम्प्युटरवरच्या मीडिया सर्व्हरवर टाकली. कॅमेऱ्यातली मूळ फाइल, सेकंदाला १७ मेगाबिट. पुण्याच्या आत्याने लावून बघितली.
“आत्या, दिसतंय का?”
“दिसतंय रे बाळा. जात्याची घरघरसुद्धा ऐकू येतीय.”
घर निर्धास्त झालं.

४.३० : लाइनचा वेग तपासला. डाउनलोड सेकंदाला १०० मेगाबिट, अपलोड २०. लक्षात राहिला तो १०० चा आकडा. पण फिल्म घरातून बाहेर जायची होती आणि ती वाट २० चीच होती. १७ त्यात मावले, कारण बघणारी आत्या एकटी होती. याच वेळी फिल्म यूट्यूबवर फक्त लिंकवाल्यांसाठी चढवली असती, तर ही ५ जीबीची फाइल पाऊण तासात एकदाच वर गेली असती. पुढचं वाटप तिकडच्या सर्व्हरनी केलं असतं.

६.३० : पाहुणे जमले. वाय-फायचा पासवर्ड हातोहात फिरला. खिशातले फोन दिवसभराचे फोटो वर पाठवू लागले, तेही त्याच २० मधून.

८.०० : सहाही ठिकाणी फिल्म सुरू. सहा गुणिले १७, १०२.

८.०२ : चित्र थिजलं. राउटरमध्ये डेटाची रांग लागली. खरा घात इथे झाला. आत येणाऱ्या डेटाची पोच घरातून बाहेर जावी लागते. ती पोचच रांगेत अडकली की समोरून पाठवणंही मंदावतं. म्हणून डाउनलोड १०० असूनही व्हिडिओ कॉल तुटला, साधा मेसेज जाईना.

८.१० : सगळ्यांनी पुन्हा पुन्हा फिल्म लावली. प्रत्येक वेळी नव्याने मागणी, नवा भार.

८.२० : राउटर बंद करून चालू केला. तो उठताच सगळे एकदम तुटून पडले.

८.४५ : प्रयत्न सोडला. लातूरला आजीची धाकटी बहीण बसून होती, नव्वदीच्या घरातली. तिला एक ओवी अर्धीच ऐकू आली.

अपलोडचा पाऊण हिस्साच भरवशाचा धरावा. २० चे १५. सहाने भागले की अडीच. दोन मेगाबिटची हलकी प्रत आधीच करून ठेवली असती आणि फोनचे फोटो तेवढा वेळ थांबवले असते, तर आजी सहाही ठिकाणी न अडखळता दिसली असती. प्रत आधीच हवी, कारण ऐनवेळी प्रत्येक ठिकाणासाठी एक अशा सहा हलक्या प्रती बनवणं जुन्या कॉम्प्युटरला झेपत नाही. तुमच्या घरी असा बेत असेल तर अपलोड तपासा, बघणारी घरं मोजा, आणि आदल्या रात्री त्याच वेळेला सगळ्यांना एकदम फिल्म लावायला सांगा.