बेळगावचा एक बाप्तिस्मा आणि विलंबाचा अर्थ

प्रौढ वयाचा मनुष्य बाप्तिस्मा मागावयास येतो, तेव्हा धर्मसेवकाच्या मनात बहुधा दोन प्रश्न उभे राहतात. ‘इतका उशीर का?’ हा एक, आणि ‘मग आताच का?’ हा दुसरा. पहिल्यात दोषारोप असतो, दुसऱ्यात संशय. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात सेवा करताना हे दोन्ही प्रश्न आमच्याही मनात अनेकदा आले आहेत. त्यांचा विचार करताना याच भागाच्या इतिहासातील एका बाप्तिस्म्याकडे वळणे इष्ट होईल, असे आम्हांस वाटते.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य १८२० साली सुरू झाले. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले, आणि निपाणीच्या दक्षिणेस व उत्तरेस अशी दोन्हीकडे सुवार्तेची केंद्रे झाली. या दोन सालांच्या दरम्यान, १८३१ मध्ये, बेळगावच्या एका कासार कुटुंबात बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. घरचे वातावरण धर्मनिष्ठ होते आणि बाबा स्वतः बालपणी मोठे श्रद्धाळू होते. येथील मिशनशाळेत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे ते मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले.

मुंबईत त्या सुमारास दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा स्थापन केली होती. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, हे सभासदांचे मत. परंतु सभेचे सर्व कार्य गुप्तपणे चाले. ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव सभासद बंद दाराआड खात आणि घरी परतल्यावर जातीचे नियम पूर्ववत पाळीत. बाबा पदमनजी या सभेचे सभासद होते. सभेतील सज्जनांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. त्या काळी बहिष्काराचा अर्थ काय होता, हे ते पुरते जाणून होते. तथापि जे मत केवळ बंद खोलीतच बोलता येते, त्याला मनुष्याचे सारे जीवन अर्पण करता येत नाही. सभासदांची नावे बाहेर फुटण्याचा प्रसंग येताच, १८६० च्या सुमारास, सभा मोडली.

बाबांनी दुसरी वाट धरली. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तो बेळगावात घेतला. आम्हांस या स्थळाचे महत्त्व फार वाटते. मुंबईच्या गर्दीत मनुष्य सहज दडून जातो. जन्मगावी त्याला घर, आळी आणि जात नावानिशी ओळखत असते. जेथे लपणे अशक्य, तेथे हा संस्कार झाला.

वयाचा प्रश्न त्या काळी कायद्याचाही होता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि अल्पवयीन म्हणून तो पित्याच्या स्वाधीन झाला. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला. परंतु घरच्या पंगतीतील पान कोणता कायदा राखणार? प्रौढाच्या विलंबाचे खरे मूळ पुष्कळदा येथे असते. त्याचा विश्वास दुर्बळ असतोच असे नाही. किंमत आपल्या एकट्याला नव्हे, तर आई, पत्नी, मुले यांनाही द्यावी लागेल, हे त्याला दिसत असते.

१८८८ साली बाबांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याला ‘अरुणोदय’ हे नाव दिले. अरुणोदय एका क्षणात होत नाही. काळोख कोणत्या घटकेस संपला, हे सांगता येत नाही. परंतु दिवस उगवला की तो उघड असतो. बाप्तिस्मा हे त्या उघड होण्याचे नाव होय.

मंडळीच्या इतिहासात विलंबाचे सर्वच प्रकार निर्दोष नाहीत. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतरचे पाप अधिक जड, म्हणून संस्कारच पुढे ढकलावा, असा हिशेब त्या शतकात पुष्कळांनी केला. संत बासील व नाझियान्झचे ग्रेगरी यांनी त्याविरुद्ध उपदेश केला. संत ऑगस्टीन बालपणी आजारी पडले असता त्यांच्या बाप्तिस्म्याची सिद्धता झाली होती. बरे वाटताच तो लांबविण्यात आला. अखेर ३८७ च्या पुनरुत्थान सणास, मिलान येथे, संत अँब्रोझ यांच्या हस्ते तो झाला. तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. हिशेबाने केलेला विलंब आणि झगड्यामुळे झालेला विलंब, यांत भेद केला पाहिजे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण मराठी मंडळीस सुपरिचित आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मध्यंतरीच्या वियोगाचे दुःख त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचा सोवळ्याचा स्वयंपाक काही काळ निराळा होता. पतीच्या मागे त्या ओढल्या गेल्या नाहीत; स्वतःच्या पावलांनी आल्या. ती पाच वर्षे वाया गेली, असे कोण म्हणेल?

म्हणून धर्मसेवक व प्रचारक बंधुभगिनींना आमची विनंती अशी. उशिरा येणाऱ्याला प्रथम ‘का’ असे न विचारता ‘कोणत्या वाटेने आलात’ असे विचारावे, आणि त्याचे सर्व सांगणे ऐकून घ्यावे. घाई करू नये. प्राचीन मंडळीत शिक्षणाचा काळ दीर्घ असे, आणि रोमन कॅथलिक मंडळीने १९७२ च्या प्रौढ-दीक्षाविधीत ती टप्प्याटप्प्याची पद्धत पुन्हा स्वीकारली, ते योग्यच झाले. घरच्यांविषयीचे त्याचे प्रेम ही अडचण न मानता ते प्रार्थनेत घ्यावे. त्याच्या बाप्तिस्म्याचे प्रदर्शन मांडू नये. पण तो चोरूनही उरकू नये.

आणि आणखी एक. ज्याने घरच्या पंगतीतील पान गमावले, त्याच्यासाठी मंडळीच्या घरांतून पान मांडले जाते की नाही, हे आपण पाहिले पाहिजे. ते मांडले जात नसेल, तर विलंबाचा जाब त्याला विचारण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.