मापाची सायकल



शिंपी कापडाला कात्री लावण्यापूर्वी आपली मापे घेतो. जोडे शिवणारा कारागीर कागदावर पाऊल ठेवायला सांगून त्याभोवती पेन्सिल फिरवतो. परंतु ज्या वाहनावर माणसाने रोज तास-दोन तास बसावे, त्या सायकलीच्या दुकानात आपले माप दिल्याचे आपल्यापैकी फारच थोड्यांना आठवत असेल. सायकल तयार मिळे. बावीस इंची किंवा चोवीस इंची. ज्याचा पाय जमिनीला पुरे त्याचे भाग्य थोर. ज्याचा पुरत नसे त्याने आधाराला दगड किंवा ओटा शोधावा. शाळकरी मुले तर मधल्या नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला कलते ठेवून, अर्धेमुर्धे पायडल मारीत गावभर हिंडत. यंत्र माणसाला जुळत नव्हते, म्हणून माणूसच यंत्राशी जुळवून घेत होता.

अलीकडे या व्यवहाराला अपवाद दिसू लागला आहे. पुणे, बंगळूर अशा शहरांत काही थोडे कारागीर एकेका गिऱ्हाइकाचे माप घेऊन सायकलीचा सांगाडा हाताने बांधून देतात. बंगळूरच्या आग्नेयेला एचएसआर लेआउट नावाची वस्ती आहे. होसूर आणि सरजापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून तिला हे आद्याक्षरी नाव पडले. तिच्या शेजारच्या सेंट्रल सिल्क बोर्डाच्या चौकापासून बाह्य वळणरस्त्याच्या कडेने २०२० साली सायकलींसाठी तात्पुरती वेगळी वाट आखून देण्यात आली होती. मोटार परवडत असूनही आपल्या खुशीने सायकल निवडणारा नोकरदार वर्ग अशा वस्त्यांत आहे. तो सायकलीकडे गरिबाचे वाहन म्हणून पाहत नाही आणि ती आपल्या शरीराला नेमकी बसावी असा आग्रह धरतो. हे नवे वाटते खरे. परंतु सायकलीचे आणि कारागिराच्या हाताचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. त्याचा आरंभ पाहायचा तर आजच्या याच कर्नाटक राज्याच्या वायव्य टोकाला, बेळगावला जावे लागेल.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची आणि साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. नेमक्या त्याच १८८८ साली, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगावात, किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. धाकटे लक्ष्मणराव मुंबईत होते. चित्रकार व्हावे म्हणून ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले आणि रंगाची पेटी मिटावी लागली. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. ते मुंबईहून सायकली धाडीत आणि वडील बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. गिऱ्हाइकाला सायकलीवर बसायला शिकवणे हेही विक्रीचेच एक अंग होते, कारण विकत घेणाऱ्याने हे वाहन पूर्वी पाहिलेलेसुद्धा नसे!

१८९७ च्या सुमारास बढतीच्या प्रसंगी डावलले गेल्यामुळे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. सायकलीचे दुकान म्हणजे केवळ विक्रीची पेढी नसते. चाक वाकडे होते, छर्रे झिजतात, साखळी तुटते, आणि सुटा भाग तर सातासमुद्रापलीकडे. अशा वेळी दुकानदाराला यंत्र उघडून पाहावेच लागते. उघडलेले यंत्र शिक्षकासारखे असते. लक्ष देऊन पाहणाऱ्याला ते आपली सारी युक्ती सांगून टाकते. पुढे सायकली विकणारे वाढले, नफा घटला, आणि किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचे काम हाती घेतले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळता मिळेना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात किर्लोस्कर रोड हे नाव आजही त्या दुकानाची आठवण देते.

मात्र एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. या दुकानातून नांगर निर्माण झाला, पुढे पंप आणि इंजिने निर्माण झाली; सायकल मात्र निर्माण झाली नाही. ती बाहेरूनच येत राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलास आणि १९५६ साली लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पोस्टमन, दूधवाला, गिरणीकामगार, शिक्षक यांच्या आवाक्यात सायकल आली ती या कारखान्यांमुळे. पण लक्षावधी माणसांसाठी एकच साचा हा कारखान्याचा धर्मच आहे. त्यात एकेकाच्या पायाच्या लांबीची चौकशी होणे शक्य नव्हते.

ही उणीव भरून काढली ती कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून गाजले, त्यात त्याचा वाटा मोठा आहे. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने, नगरपालिकेचा बिल्ला, दिव्यावाचून किंवा डबलसीट सापडल्यास होणारा दंड, हे सगळे त्या काळच्या पुणेकरांच्या परिचयाचे आहे. वर्षातून एकदा सायकल ‘ओव्हरऑइलिंग’ला टाकावी, कारागिराने ती पूर्ण खोलून, पुसून, वंगण देऊन पुन्हा जुळवावी. चाक फिरवून, तारा आवळून त्याचा ‘आऊट’ काढणे हे काम तर डोळ्यांनी आणि कानांनी करायचे. बैठक खाली घेणे, हँडल पुढे-मागे करणे, वाकलेला चिमटा सरळ करणे, अशा युक्त्यांनी परक्या मापाची सायकल तो घरच्या माणसाजोगी करून देई. पुढे स्कूटर आली. पुण्याजवळच्या आकुर्डीतूनच १९७२ साली बजाजची ‘चेतक’ बाहेर पडली, आणि सायकलींच्या शहराची ती ओळख पुसट होत गेली. कर्वेनगरातील विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात जुन्या सायकली जतन केलेल्या आहेत. त्या जुळवणाऱ्या हातांचे कसब मात्र कोणत्याही संग्रहालयात ठेवता येत नाही.

आजचा मापाची सायकल बांधणारा कारागीर करतो तरी काय? तो प्रथम पायाची आतल्या बाजूची लांबी, धडाची उंची, हातांचा पल्ला मोजतो आणि त्यावरून सांगाड्याचे चित्र काढतो. ते चित्र म्हणजे लक्ष्मणरावांनी शिकवलेल्या यंत्ररेखाटनाचेच पुढले पान. मग पोलादी नळ्या येतात. टोकांना जाड आणि मध्यभागी पातळ अशा नळीचे पेटंट इंग्लंडमधील रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली घेतले. सांध्याशी बळकटी आणि इतरत्र हलकेपणा, हा तिचा गुण. एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर तंतोतंत बसेल असे कानशीने कोरायचे, आणि नळ्या साच्यात आवळून पितळेने झाळायच्या. पितळ सुमारे ९०० अंशांवर पातळ होऊन फटीत शिरते, पण तोवर पोलाद वितळत नाही. आच कमी पडली तर सांधा कच्चा. अधिक झाली तर नळीचे बळ जाते. लाल रंगाची कोणती छटा आली की ज्योत मागे घ्यायची, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते गुरूच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

अशी सायकल महाग पडते आणि ती सर्वांच्या खिशाला परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. कारखान्याची जागा ती घेणार नाही आणि घेऊही नये. परंतु तिच्यामुळे एक विसरलेला प्रश्न पुन्हा विचारला जातो, की या यंत्राचे माप कोणी ठरवले? उंचीने लहान असलेली स्त्री, वाढत्या वयाचा मुलगा, गुडघे दुखणारा वृद्ध यांच्या वाट्याला अनोळखी माणसाच्या मापाची सायकल का यावी? हा प्रश्न जिवंत राहिला तर त्याचे उत्तर आज ना उद्या कारखान्यालाही द्यावे लागेल.

आज आपल्या शहरांत एकीकडे चित्र काढू शकणारे, गणित मांडू शकणारे हौशी तरुण आहेत, आणि दुसरीकडे पंक्चर काढीत बसलेला, आपली विद्या घेण्यास मुलगाही तयार नसलेला वृद्ध कारागीर आहे. बेळगावच्या त्या दुकानात रेखाटन आणि पाना एकाच माणसाच्या हाती आले, म्हणून पुढची सारी उभारणी झाली. आता ते दोन हात निराळ्या माणसांचे आहेत. त्यांची गाठ पडली तर जे बेळगावात राहून गेले ते आपल्याकडे अजूनही होऊ शकेल. मात्र ती गाठ लवकर पडायला हवी, कारण वृद्ध कारागिरांची संख्या वर्षागणिक कमी होत चालली आहे.